क्लिफच्या खालचं फुल्टन

तारायंत्राच्या खांबावरचा काचेचा एक इन्सुलेटर, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून बसवायचा विद्युतरोधक, ओळखायला मला पाच आठवडे लागले. त्यातले तीन आठवडे मी चुकीच्या गोष्टीच्या मागे होतो. वस्तू दुर्मीळ वगैरे नाही. अशी शेकडो टेबलांवर पडलेली असतात. पण तिच्यावरच्या तीन ओळींपैकी मधली ओळ नीट लागत नव्हती, आणि ती लागत गेली तसतशी काय काय चूक होऊ शकते याचीच यादी तयार झाली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

एक सोय आधीच करून घेतो. काचेवरची अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी आहेत. इथे मी त्यांचे उच्चार लिहिणार आहे. आकार डोळ्यांसमोर आणायचं काम वाचणाऱ्याचं.

टेबलावर काय दिसलं

मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफील्ड नावाच्या गावात वर्षातून तीनदा जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. मे, जुलै, सप्टेंबर. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, म्हणजे पहाटे निघायला लागतं. मे महिन्यात गेलो तेव्हा पाऊस पडून गेलेला, सगळीकडे चिखल. एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर पितळी कड्या, दाराच्या मुठी आणि कपाच्या खोक्यात सात-आठ इन्सुलेटर. त्यातल्या एकाला दोरीनं चिठ्ठी बांधलेली: ‘१८७०, तार, ४० डॉलर’. तीसला दिला.

हिरवट निळी काच. वर गोल माथा, त्याखाली तार बसायची खाच, खाली घागऱ्यासारखा घेर. आत लाकडी खुंटीवर फिरवून बसवण्यासाठी आटे. काचेत बुडबुडे, दोन काळे कण आणि गवताच्या काडीसारखी एक तपकिरी रेघ. संग्राहक आकारांना सीडी (कन्सॉलिडेटेड डिझाइन) क्रमांकानं ओळखतात. ही पद्धत एन. आर. वुडवर्ड यांनी बसवली. क्रमांक आकाराला असतो, कारखान्याला नाही, त्यामुळे एकाच क्रमांकात चार कंपन्यांचा माल सापडू शकतो. हा तुकडा सीडी १२६.

माथ्याच्या एका बाजूला तीन ओळी. पहिली डब्ल्यू. ब्रूकफील्ड. तिसरी एन. वाय., म्हणजे न्यूयॉर्क, आणि त्यातला एन उलटा, आरशात दिसावा तसा. मधल्या ओळीत ४५, मग एक नाव, मग एस-टी, म्हणजे स्ट्रीट. दुसऱ्या बाजूला दोन पेटंटांच्या तारखा: २५ जानेवारी १८७० आणि २२ फेब्रुवारी १८७०. माथ्याच्या टोकावर ३ हा आकडा.

चिठ्ठीतलं १८७० कुठून आलं ते उघड आहे. मागची तारीख वाचली आणि लिहिली. या छंदात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पेटंटची तारीख म्हणजे हक्क मिळाल्याचा दिवस. तो साच्यावर एकदा कोरला की साचा चालेल तितकी वर्षं काचेवर उमटत राहतो. इंडियानातल्या मन्सी गावच्या हेमिंग्रे कंपनीच्या इन्सुलेटरांवर ‘२ मे १८९३’ दिसतं. ते पेटंट घेराच्या काठावरच्या छोट्या टोकांचं, पाणी थेंबाथेंबानं गळून जावं म्हणून केलेल्या दातांचं. आणि लोक आनंदानं सांगतात, माझ्याकडे १८९३ चा आहे. त्याच कंपनीचा ‘४२’ लिहिलेला इन्सुलेटर १९४२ चा म्हणून विकताना मी स्वतः पाहिला आहे. ४२ हा नमुन्याचा क्रमांक.

ब्रूकफील्डच्या बाबतीत कालखंड सांगणारी खरी ओळ पत्त्याची. विल्यम ब्रूकफील्डचा काचकारखाना ब्रुकलिनमध्ये, पण कचेरी मॅनहॅटनमध्ये, आणि ती वर्षानुवर्षं जागा बदलत गेली. ५५ फुल्टन स्ट्रीट साधारण १८८२ पर्यंत, मग ४५ क्लिफ स्ट्रीट १८९० च्या सुमारापर्यंत, मग ८३ फुल्टन स्ट्रीट. मालावर कचेरीचा पत्ता घालायची त्यांची सवय आमच्यासारख्यांच्या फार कामाची ठरली. म्हणजे ४५ दिसल्यावर पुढे क्लिफ असणार हे मला वाचायच्या आधीच माहीत होतं. गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली.

पहिलं वाचन, चुकीचं

घरी येऊन कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश. (गार काचेवर कढत पाणी कधीही ओतू नये, शंभर वर्षं टिकलेली काच एका सेकंदात तडकते.) धूर आणि काजळी गेल्यावर खिडकीपाशी धरलं आणि वाचलं: सी, एल, एल, एफ, एफ.

पुन्हा वाचलं. आयच्या जागी एल.

चुकीच्या स्पेलिंगचा इन्सुलेटर! साचे हातानं कोरलेले, कोरणारा माणूस, चुका व्हायच्याच. गाळलेली अक्षरं, उलटे एन, उलटे एस, सगळं सापडतं, आणि नावात किंवा पत्त्यात ठळक चूक असेल तर संग्राहक जास्त पैसे मोजतात. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “स्पेलिंग चुकलं म्हणून जास्त पैसे? आमच्या शाळेत मार्क कापायचे.”

पुढचे तीन आठवडे मी याद्या चाळल्या, फोटो मोठे करून पाहिले, असं स्पेलिंग आणखी कुठे आहे का शोधलं. सापडलं नाही, आणि न सापडल्यानं उत्साह वाढतच गेला. आपल्या बाजूनं असलेला पुरावा माणूस तपासत नाही. उलटा एन तर मी लगेच साक्षीला उभा केला: बघा, कोरणारा बेफिकीरच होता.

खरं तर उलट्या एनचा आणि बेफिकिरीचा फारसा संबंध नाही. साच्यात प्रत्येक अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते काचेवर सुलटं येतं. ए, एच, आय, ओ, टी यांना डावं-उजवं सारखंच, तिथे चुकायला जागाच नाही. एन आणि एस मात्र फसवतात, कारण उलटे केले तरी ते ओळखीचेच वाटतात. कोरणाऱ्यानं सवयीनं सुलटा एन कोरला की काचेवर उलटा उमटतो. ब्रूकफील्डच्या मालावर असे एन इतके आहेत की एकट्या त्याच्यासाठी कुणी वळूनही पाहत नाही.

खटकलेली जागा

स्पेलिंगची कल्पना सुटली ती वेगळ्याच कारणानं. फोटो काढताना लक्षात आलं की नाव आणि एस-टी यांच्यामध्ये फार मोठी मोकळी जागा आहे, एक अख्खं अक्षर बसेल एवढी. वरच्या ब्रूकफील्डमधली अक्षरं अगदी मापात, सारख्या अंतरावर. तिसरी ओळ बरोबर मध्यावर. इतका नीटनेटका माणूस मधल्याच ओळीत एवढी फट कशी सोडेल?

आणि ती फट पूर्ण रिकामीही नव्हती. तिथे काच किंचित फुगलेली होती. डोळ्यांना नाही, पण अंगठ्याला कळत होतं.

काचेवरचं पुसट वाचताना मोठी अडचण ही की काच पारदर्शक आहे. समोरच्या अक्षरांमधून मागची अक्षरं उलटी होऊन डोकावतात, आतले आटे चमकतात, आणि डोळा स्वतःच रेघा जोडायला लागतो. उपाय साधा: आतल्या पोकळीत काळा मोजा गच्च भरायचा. (माझा ऑफिसचा, धुतलेला.) मग खोलीतले दिवे बंद करून छोटी बॅटरी अगदी आडवी, जवळपास काचेला टेकवून धरायची आणि इन्सुलेटर हळूहळू फिरवायचा. उजेड समोरून पडला की उठाव सपाट दिसतो, बाजूनं पडला की केसाएवढ्या उंचीचीसुद्धा सावली पडते. त्यानंतर बोटाला टाल्कम पावडर लावून हलकेच फिरवायची. ती उंच भागावर बसते, खोलात जात नाही.

फटीत एक एन उमटला. पुसट, सपाट झालेला, पण एनच. आणि उलटा.

आता एन आहे म्हटल्यावर बाकीच्या अक्षरांकडे पुन्हा पाहणं आलं. सी हा जीसारखा का दिसतो याकडे मी आजवर दुर्लक्षच केलं होतं. त्याच्या पोटात एक आडवी दांडी घुसलेली होती आणि डाव्या कडेला सरळ उभी रेघ. पहिल्या एलच्या उजवीकडे आणखी एक उभी रेघ, कशाचीच नसलेली. पहिल्या एफच्या माथ्यावरची दांडी डावीकडेही बाहेर आलेली. शेवटच्या एफच्या हाताखाली उजव्या बाजूला गोलाई.

बाबांचं म्हणणं

रविवारी बाबांशी बोलताना कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. बाबा साताऱ्याला असतात आणि चाळीस वर्षं शिवराया गोळा करतात. शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. पण त्या दोन-चार शब्दांत लेखनाचे आणि वळणाचे इतके प्रकार सापडतात की बाबांच्या वह्या त्यानंच भरल्या आहेत. ऱ्हस्व, दीर्घ, शि, सि, रेघेची जागा. लहानपणी मला तो वेळ घालवायचा उद्योग वाटायचा. आता मी काचेवरचे एन मोजतो, तेव्हा बोलायची सोय नाही.

“बॅटरी जरा डावीकडे घे,” बाबा म्हणाले. मग, “अरे, हा दोनदा ठसा पडलाय. हातोडा एकदा बसला, नाणं सरकलं, पुन्हा बसला.”

“बाबा, ही काच आहे. हातोडा नसतो.”

“मग काय असतं?”

हे समजावून सांगताना माझंच उत्तर तयार झालं. साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकतात, वरून आटे असलेला दट्ट्या दाबतात, काच जरा धरली की दट्ट्या फिरवून बाहेर काढतात, मग साच्याचे दोन भाग उघडतात आणि तुकडा भट्टीत हळूहळू निववायला जातो. दाब एकदाच. आटे असे काचेतच घडवण्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या लुई कॉव्हे नावाच्या सुताराचं, २५ जुलै १८६५ चं. त्याआधी इन्सुलेटर खुंटीवर नुसता ठोकून बसवायचे आणि तारेच्या ओढीनं तो निसटायचा. ब्रूकफील्डनं ते हक्क विकत घेतले. बाबांना यातला सुतारच जास्त आवडला.

आणि दोनदा ठसा पडला असता तर तिन्ही ओळी सरकल्या असत्या. माझ्याकडे पहिली आणि तिसरी ओळ स्वच्छ आहे. गडबड फक्त मधल्या ओळीत, तीही सगळ्या नाही.

“मग ठसाच कुणीतरी बदललाय,” बाबा म्हणाले. “नाणं सोड, ठसा बघ.”

अक्षराखाली अक्षर

त्या रात्री कागदावर दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. वर ५५ फुल्टन, खाली ४५ क्लिफ, दोन्ही इंग्रजीत, पहिलं अक्षर पहिल्याखाली. आणि जुळत गेलं.

सीखाली एफ: म्हणून उभी कड आणि पोटात घुसलेली दांडी. एलखाली यू: नव्या एलनं यूचा डावा पाय आणि तळ वापरून घेतला, उजवा पाय तसाच अनाथ राहिला. तिसऱ्या जागी आयखाली एल. ही सगळ्यात मजेची. कोरणाऱ्यानं नवा आय कोरलाच नाही. जुन्या एलची उभी दांडी आय म्हणून ठेवली आणि खालचा आडवा पाय बुजवला. तो नीट बुजला नाही, आणि तोच पाय मला ‘चुकीचा एल’ म्हणून तीन आठवडे नाचवत होता. चौथ्या जागी एफखाली टी, म्हणून दांडी दोन्हीकडे. पाचव्या जागी एफखाली ओ, म्हणून गोलाई. सहावा एन. क्लिफला पाचच अक्षरं, त्यामुळे एनवर चढवायला काही उरलं नाही. तो नुसता बुजवला, आणि त्याची जागा फट म्हणून राहिली.

आकड्यांचंही तेच. ४५ मधल्या चाराच्या आडव्या रेघेखाली जुन्या पाचाचं पोट दिसतं. पुढचा पाच मात्र दोन्ही पत्त्यांत पाचच, त्याला हातही लावलेला नाही. एस-टीलाही नाही.

हे सगळं मला दिसायला हवं म्हणून दिसत नाही ना, ही शंका मला होतीच. स्पेलिंगच्या बाबतीत तसंच झालं होतं. म्हणून भिंगाखाली कडा पाहिल्या. साचा वापरात राहिला की लोखंडातल्या अक्षरांच्या कडा झिजतात. गरम काच, गंज, घासून साफ करणं. झिजलेल्या साच्यातली अक्षरं काचेवर मऊ, गोलसर येतात. माझ्या तुकड्यावर ब्रूकफील्ड मऊ, एन. वाय. मऊ. मधल्या ओळीत चार, सी, एल आणि दोन एफ यांच्या कडा नखाला लागतील इतक्या धारदार. आणि त्याच ओळीतला दुसरा पाच, आय आणि एस-टी वरच्या-खालच्या ओळींसारखे मऊ. एकाच ओळीत दोन वयांची अक्षरं, आणि त्यांची वाटणी बरोबर तिथेच जिथे फुल्टनचं क्लिफ करताना व्हायला हवी.

उलट्या एननं शेवटी वेगळ्या बाजूनं साक्ष दिली. फटीतला बुजवलेला एन उलटा आणि तिसऱ्या ओळीतल्या एन. वाय. मधलाही उलटा. मधला तिरपा काप दोन्हीत सारखाच, खाली येताना जाड होत जाणारा. म्हणजे तिसरी ओळ पहिल्या कोरणाऱ्याची, फुल्टनच्या दिवसांतली. मधली ओळ नंतरच्या हाताची.

बुजवलं कसं

इथे जरा थांबतो, कारण उठावाचे बहुतेक प्रकार या एका गोष्टीवरून कळतात.

काचेवर जे उंच ते लोखंडात खोल. काचेवरचं अक्षर नाहीसं करायचं तर लोखंडातला खड्डा भरायला हवा. लोखंड काढणं सोपं, छिन्नी लावली की निघालं. घालणं कठीण. म्हणून कारागीर तीनपैकी काहीतरी करायचा. आजूबाजूचं लोखंड ठोकून ठोकून खड्ड्यात ढकलायचं; तसं केलं की काचेवर पुसट छाया राहते, माझ्या एनसारखी. नाहीतर साच्याचा तेवढा भागच अक्षराच्या खोलीइतका खरवडून टाकायचा. मग काचेवर जाड, गुळगुळीत ठिगळ येतं. नाहीतर जुन्यावरच नवं अक्षर जास्त खोल कोरायचं आणि जुन्याचे जे अवयव बाहेर राहतील ते राहू द्यायचे. माझ्या तुकड्यावर पहिला आणि तिसरा प्रकार शेजारी शेजारी आहेत.

आमच्या आजीकडे एक तांब्याचा हंडा होता, मामेआजीच्या घरून आलेला. त्याच्यावरचं जुनं नाव तांबटाकडून ठोकून घेतलं होतं आणि वर टिंबाटिंबांनी आजीचं घातलं होतं. दुपारी परसातलं ऊन तिरकं आलं की आजीच्या नावाखाली आधीच्या बाईचं नाव दिसायचं. आजीला ते आवडायचं नाही, ती हंडा फिरवून ठेवायची.

‘काचेवर खूण वाढवणं सोपं, काढणं अवघड’ हे पुढच्या काळातल्या कारखान्यांनी तर नियम म्हणूनच वापरलं. हेमिंग्रेच्या १९३० नंतरच्या इन्सुलेटरांवर साच्याचा क्रमांक, वर्षाचे दोन आकडे आणि मग ठिपके असतात. साचा पुढच्या वर्षीही चालवायचा तर आकडा बदलायचा नाही, एक ठिपका वाढवायचा. ठिपका म्हणजे लोखंडात एक ठोका. वाचणाऱ्यानं आकड्यांत ठिपके मिळवायचे. ब्रूकफील्डच्या माणसाला पत्ता बदलायचा होता, त्याला ठिपक्यावर भागवता येणं शक्य नव्हतं.

खोटेपणाची शक्यताही पाहिली, थोडक्यात. किरणांनी रंग बदललेले इन्सुलेटर बाजारात असतात. अक्षरांच्या बाबतीत कुणी घासून काही काढलं असतं तर काच मंद, ओरखडलेली दिसली असती. इथे छायेवरही साच्यातल्या काचेची मूळची चमक आहे. आणि लबाडी करणारा माणूस पुसट एन कशाला करेल?

जुळा

एका तुकड्यावरून साच्याबद्दल बोलणं तरी धोक्याचंच. साचा किंवा काच पुरेशी तापलेली नसेल तर काच कोपऱ्यात भरत नाही आणि अक्षरं अर्धवट येतात. तशी कमजोर अक्षरं प्रत्येक तुकड्यावर वेगवेगळी असतात. साच्यातच असलेला दोष मात्र प्रत्येक तुकड्यावर त्याच जागी, त्याच आकारात यायला हवा. म्हणजे जुळं भावंड हवं.

जूनमध्ये पेनसिल्व्हेनियात संग्राहकांचा मेळावा होता. एका वयस्कर गृहस्थाकडे फक्त ब्रूकफील्ड, चार लांब ट्रे भरून. मी मोजा आणि बॅटरी काढली तेव्हा ते हसले नाहीत, त्यांनी स्वतःची काळी पिशवी काढली. माथ्यावर ३ असलेले सीडी १२६ त्यांच्याकडे पाच निघाले. आकडा जुळला म्हणजे साचा जुळला असं नाही, एकच आकडा वेगवेगळ्या साच्यांवर सापडतो. पाचातल्या चौघांवर क्लिफ स्वच्छ, फट नाही, एन. वाय. चा एन सुलटा. पाचवा गडद हिरवा, घेराला टवका उडालेला. मी पावडर लावली.

तीच फट, तोच एन, आयला तोच पाय. उलट त्यांच्या तुकड्यावर ओची गोलाई माझ्यापेक्षा ठळक, काच जास्त गरम असावी.

ते म्हणाले, हा त्यांच्याकडे बावीस वर्षं आहे आणि त्यांनी तो ‘क्लिफ, अक्षरं खराब’ असा नोंदवला होता. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढून वहीतल्या ‘खराब’वर रेघ मारली. विकायला तयार नव्हते. मी विचारलं होतं.

वर्ष

आता पुन्हा चिठ्ठीतल्या १८७० कडे. साचा फुल्टनच्या पत्त्यानं आधी चालला, तोही कडा झिजेपर्यंत. कचेरी हलल्यावर, १८८२ च्या सुमारास किंवा त्यानंतर, मधली ओळ बदलली. माझा तुकडा त्यानंतरचा. नव्या अक्षरांच्या कडा अजून धारदार आहेत, म्हणजे बदल करून फार दिवस झाले नव्हते. आधीच झिजलेला साचा क्लिफच्या सगळ्या आठ वर्षांत चालला असेल असंही वाटत नाही. ब्रूकफील्डच्या बऱ्याच जुन्या मालावर दिसणारी कॉव्हेच्या पेटंटची ओळ इथे नाही, आणि ते १८६५ चं पेटंट तेव्हाच्या सतरा वर्षांच्या मुदतीनं १८८२ मध्येच संपत होतं. हा पुरावा मी कच्चा धरतो. ती ओळ नसलेले आधीचे तुकडेही आहेत.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पत्त्यांच्या वाटेनं चालून आलो. माझं ऑफिस त्याच भागात, रोज न्यू जर्सीहून येणाऱ्या पाथ नावाच्या लोकल गाडीनं वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरतो आणि फुल्टन स्ट्रीट ओलांडतो. क्लिफ स्ट्रीट ही फुल्टनलाच मिळणारी छोटीशी गल्ली. डिलिव्हरीच्या सायकली, काँक्रीट, एक बंद कॅफे. ब्रूकफील्डचं आज तिथे काही नाही. पण एवढ्याशा अंतरावर कचेरी हलली, आणि त्यासाठी ब्रुकलिनमध्ये कुणीतरी बाकावर साचा आडवा टाकून फुल्टनची सहा अक्षरं पाचांत बसवत होता, हे तिथे उभं राहून जास्त खरं वाटलं. कंपनी पुढे न्यू जर्सीतल्या ओल्ड ब्रिजला गेली. आमच्या घरापासून गाडीनं अर्धा तास. तिथे आमच्या ओळखीची चार मराठी कुटुंबं राहतात, कुणालाच माहीत नाही.

वहीतली नोंद अशी झाली:

सीडी १२६. माथ्यावर ३. पुढे: डब्ल्यू. ब्रूकफील्ड / ४५ क्लिफ स्ट्रीट / एन. वाय. मधली ओळ ‘५५ फुल्टन’वर कोरलेली, दुसरा ५, आय आणि एस-टी मूळचे, क्लिफनंतर बुजवलेला उलटा एन. तिसऱ्या ओळीतला एन उलटा. मागे: जाने. २५, १८७० / फेब्रु. २२, १८७०. रंग हिरवट निळा, तपकिरी रेघ. १८८२ नंतर, बहुधा लवकरच. स्पेलिंगची चूक नाही. जुळा: एक पाहिला, गडद हिरवा, घेराला टवका.

विक्रेत्याची चिठ्ठी काढून टाकली नाही, दोरीसकट तशीच ठेवली आहे. बाबांनी फोनवर विचारलं, किंमत वाढली का कमी झाली? मी म्हटलं, चुकीच्या स्पेलिंगचा असता तर जास्त आली असती. ते म्हणाले, “मग आईला सांगू नको,” आणि त्यांच्या एका शिवराईचा फोटो पाठवला, ‘छत्र’खालची रेघ जरा मोठी करून बघ म्हणून.